बाटलीचं फूल, वेफर्सचे मणी

[दृश्य: कोल्ड्रिंकची हिरवी रिकामी बाटली. कॅमेरा बुडाजवळ जातो.]

कोल्ड्रिंकची बाटली कधी उलटी धरून पाहिलीय? बुडाला पाच पाकळ्या असतात. शोभेच्या नाहीत त्या. आतल्या गॅसच्या दाबानं बूड फुगून बाहेर येऊ नये आणि बाटली सरळ उभी राहावी, म्हणून तो आकार दिलेला असतो. दागिने करणाऱ्याला मात्र आयतं फूल मिळतं.

[दृश्य: कात्री, पक्कड, पेटलेली मेणबत्ती.]

हे पेट प्लास्टिक. बाटलीचा जन्म होतो एका जाड, आखूड नळीतून. नळी गरम करायची, आतून दांडीनं लांबवायची, हवा भरून फुगवायची आणि तशी ताणलेली असतानाच गार करायची. तो ताण आत अडकून राहतो. पुन्हा ८० अंशांच्या वर तापलं की प्लास्टिक आक्रसायला लागतं. म्हणून ज्योतीच्या थोडी वर धरलेली पाकळी आपोआप वळते, आखडते, जाड होते. कात्रीनं धारदार झालेली कडही गोल होते, मग ती मानेला ओरखडत नाही.

याची परीक्षा घ्यायचीय? झाकणाचे आटे असतात तो गळ्याचा भाग तापवून बघा. तो मुळात ताणलेलाच नसतो, त्यामुळे आक्रसतही नाही.

जास्त वेळ तापवलं तर पाकळी दुधाळ होते, ज्योतीत शिरली तर काजळते. काजळलेली टाकून द्या. दुधाळ ठेवा, हिरव्याशेजारी ती फार सुंदर दिसते. आणि कृपा करून वर नेलपॉलिश फासू नका. टवके उडतात, शिवाय बाटलीचा स्वतःचा रंग काय वाईट आहे?

[दृश्य: गरम सुईनं पाडलेलं भोक, कडी, हुक.]

भोक शेवटी पाडायचं. आधी पाडलं तर पाकळीबरोबर तेही वेडंवाकडं होतं. वजनाची तर मजाच आहे: खांद्यापर्यंत लोंबणारं कानातलंसुद्धा काही ग्रॅमच भरतं. जड झुमक्यांनी ज्यांचे कान ओघळलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

तापवण्याआधी बुडावरचा बाणांचा त्रिकोण बघा. आत १ असेल तर पेट. ३ असेल तर पीव्हीसी. ते ज्योतीजवळ नेऊच नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो. पेट तापवतानाही खिडकी उघडी हवी.

[दृश्य: कोरडा कचरा वेगळा करणारे हात. बाटल्यांचं पोतं.]

पण खरं सांगायचं तर बाटली ही काही कचऱ्यातली अनाथ वस्तू नव्हे. पुण्यात २००८पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक घरोघरी कचरा गोळा करतात, आणि पेटची बाटली ही त्यांची कमाई असते. भंगारात तिला भाव मिळतो, पुढे तिचा पॉलिस्टर धागा होतो. कानातल्यासाठी एखादी बाटली घ्या, पोतं भरू नका.

कुणी उचलत नाही ती वेफर्सची पाकिटं. प्लास्टिकचे थर, त्यांना चिकटलेला धातूचा मुलामा. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवालाही नको म्हणतो. दागिने करायचे तर खरं यांचे करावेत.

[दृश्य: पाकिटाच्या पट्ट्या. उदबत्तीच्या काडीवर गुंडाळला जाणारा मणी.]

इथे आच लागतच नाही. पाकीट साबणानं धुवायचं, तेलाचा अंश राहिला तर पुढे काहीच चिकटणार नाही. एका टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या लांब पट्ट्या कापायच्या आणि रुंद बाजूनं काडीवर घट्ट गुंडाळायच्या. मधे फुगीर, कडांना निमुळता मणी तयार होतो. सुतारकामाचा पांढरा गोंद यावर टिकत नाही, रबरी सोल्यूशन लागतं. शिवाय पट्टी उलगडू बघते, म्हणून वाळेपर्यंत दोरा बांधून ठेवायचा.

मणी बारीक केले आणि खेटून ओवले, तर ठुशीच्या घाटाची गळाबंद माळ होते. फक्त चंदेरी; बहुतेक पाकिटं आतून चंदेरीच असतात. सोनेरी निघालं, तर ते पाकीट आधी लपवून ठेवा, घरात मागणारे बरेच निघतील.