अक्षरातून त्रिकोणाकडे

ग्राफिटीची सुरुवात नावापासून होते. टॅग म्हणजे एका दमात मारलेली सही. स्प्रेचा डबा भिंतीपासून चार ते सहा इंच लांब धरायचा आणि हात चालता ठेवायचा; थांबला की रंग साचून ओघळतो. सहीची पुढे फुगीर अक्षरं होतात, मग एकमेकांत गुंतलेली, बाण फुटलेली वाइल्डस्टाइल. तिथं अक्षर ओळखू येईनासं होतं आणि डोळ्यांपुढे उरतात ते कोन. रंगीत भूमिती या वळणावर सापडते.

स्पेनचा चित्रकार ओकुडा सान मिगेल याच वाटेने गेला. जन्म 1980चा, सांतांदेरचा. सुरुवात बंद पडलेल्या कारखान्यांच्या भिंतींवर. 2015 मध्ये त्याने यानेरा इथलं एक जुनं चर्च, ज्यात तोवर स्केटबोर्डिंग सुरू झालं होतं, आतून पार छतापर्यंत रंगीत आकारांनी भरून टाकलं.

गोव्याला भिंतीवरची भूमिती नवी नाही. जुन्या देवळांवरची कावी पाहा: पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर, आणि तो खरवडून उमटवलेली वर्तुळातली फुलं.

(दृश्य: चिऱ्याची गिलावा केलेली भिंत, सकाळ)

सही शेवाळावरही उठते, सरळ रेष उठत नाही. पावसाळाभर पाणी प्यालेली भिंत दिवाळीपर्यंत वरून कोरडी दिसते, आत ओलीच असते. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब धरले असतील तर थांबा. पांढरा खार फुटला असेल तर तो पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि आधी गळती शोधा. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्या, नाहीतर सिमेंटचा क्षार रंग खातो.

20 बाय 12 फुटांच्या भिंतीला स्प्रेचे 400 मिलीचे डझनभर डबे रंगाच्या एकाच हाताला लागतात. म्हणून इथं बाहेरच्या भिंतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन बरं. दोन हातांना पाच-सहा लिटर पुरतं, खडबडीत भिंतीला जास्त.

आखणीची पहिली उभी रेष ओळंब्याने घ्या, भिंतीच्या कडेवरून कधीच नाही. जुन्या घराची कड क्वचितच सरळ असते. मग खडू लावलेली दोरी ताणून झटकायची.

(दृश्य: टेपची कड, अगदी जवळून)

आकाराच्या कडेला लावलेल्या टेपखाली रंग शिरतो, ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय असा: टेप दाबून बसवली की तिच्या कडेवर आधी खालचाच रंग फिरवायचा. फटी त्याच रंगाने बुजतात. तो सुकल्यावर नवा रंग, आणि शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी, मागे दुमडून ओढायची. शेजारचा त्रिकोण त्या दिवशी घेता येत नाही, ओल्या रंगावर टेप बसत नाही. एकाआड एक आकार भरत जावं लागतं. रात्रीत काम उरकायची सवय असलेल्या हाताला हे थांबणंच सगळ्यात जड जातं.

प्रत्येक छटेची उरलेली बाटली क्रमांक घालून ठेवा. जूनमध्ये तांबड्या मातीचे शिंतोडे खालच्या दोन फुटांवर बसतातच. तेव्हा डागावर ठिगळ लावू नका. तो अख्खा त्रिकोण टोकापासून टोकापर्यंत पुन्हा रंगवा. जोड कुठेच दिसत नाही.