बाई, पोटात दुखतंय

(बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावच्या वाचनालयात, मे महिन्यातल्या चौथ्या रविवारी पालकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मायबहिणींनो, दादांनो, आणि खिडकीशी उभ्या राहिलेल्या आजी-आजोबांनो,

काल दुपारी मी चंदगडहून बेळगावला येणाऱ्या गाडीत होते. पुढच्या बाकावर एक आई आणि तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा. मामाच्या गावाहून परत निघालेले. पायाशी फणस, मांडीवर काजूगरांची पिशवी. शिनोळी मागे पडली तसा तो म्हणाला, "आई, दादाची शाळा अजून पंधरा दिवसांनी आहे. माझीच का आधी?" आई म्हणाली, "आपली शाळा कर्नाटकात बाळा." त्यावर तो गप्प झाला. उचगाव फाटा आला तरी तोंडातून शब्द नाही.

आपल्या भागातल्या किती घरांत या आठवड्यात हेच चाललंय! कर्नाटकातल्या शाळा २९ मेच्या सुमारास उघडतात, पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजला जूनच्या मध्यावर. मामेभावंडं अजून ओढ्यावर डुंबणार, आणि आपलं पोर दप्तर शोधणार. मग आपण त्याला हिशेब सांगतो : अरे, तुला सुट्टी एप्रिलमध्ये आधी लागली होती, दिवस तेवढेच होतात. हिशेब बरोबर आहे. पण खेळ अर्ध्यावर टाकून आलेल्या पोराला हिशेब नको असतो. "वाईट वाटतंय ना? मलाही माहेर सोडताना तसंच वाटतं," एवढं त्या आईनं म्हटलं असतं तरी तो बोलता झाला असता.

त्यात आपल्याकडे हे दिवस कसले असतात? रोहिणी नक्षत्राचे. धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरायची घाई. बी-बियाणं, खत, बैल नाहीतर ट्रॅक्टरची पाळी, त्यात छप्पर शाकारायचं राहिलेलं. आई-बाप पहाटेपासून धावताहेत आणि त्याच सकाळी शाळेचा पहिला दिवस. पोराला शाळेचं भय किती आणि घरातल्या धांदलीचं किती, हे वेगळं काढणं कठीण. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. जूनचा पहिला आठवडा मी तेवढ्या वेळा पाहिला आहे. माझी खात्री झाली आहे की मुलाचा ताण कमी करायचा असेल तर सुरुवात घरातल्या सकाळपासून करावी लागते. दप्तर, गणवेश, पाण्याची बाटली रात्रीच दाराशी लावून ठेवा. सुट्टीत अकराला झोपणारं पोर एका रात्रीत नऊला झोपणार नाही. आजपासून रोज पंधरा-वीस मिनिटं आधी अंथरुणात घ्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, त्यापुढच्या मुलांना आठ ते दहा. आणि तेवढ्या वेळात मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू दे, तुमचासुद्धा.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तिचं ओझं अजून उतरलेलं नाही. माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. दर सोमवारी प्रार्थना झाली की जवळ यायचा आणि हळूच म्हणायचा, "बाई, पोटात दुखतंय." तीन-चार सोमवार मी त्याला घरी पाठवलं. पाचव्या सोमवारी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "नाटकं करू नकोस, जाग्यावर बस." तो बसला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. घरी विचारलं तर आई म्हणाली, "रोज डबा घेऊन जातोय की शाळेला." देवळाच्या मागे सापडला. दप्तर उशाला, डबा वेळेवर खाऊन धुऊनसुद्धा ठेवलेला, कारण घरी कळायला नको. मला बघून उठला आणि म्हणाला, "बाई, खोटं नव्हतो बोललो. दुखतंच."

सोमवारी पहिल्या तासाला कानडीचं मोठ्यानं वाचन असायचं. त्याला अक्षरं जुळत नव्हती आणि मुलं हसायची. मी कधी विचारलंच नाही की सोमवारच का.

त्याचं पोट खरंच दुखत होतं. भीती वाटली की अंग पळायच्या तयारीला लागतं. काळीज धडधडतं, रक्त हातापायांकडे धावतं, पोटाचं काम मंदावतं, मुरडा येतो, मळमळतं. समोर वाघ असो की कानडीचं पुस्तक, अंगाला फरक कळत नाही. म्हणून "काही नाही होत तुला" हे वाक्य घरात वापरू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. ताप आहे का, उलट्या आहेत का, रात्री दुखण्यानं जाग येते का, वजन उतरतंय का, हे बघून घ्या. हे काही नसेल, आणि रविवारी दिवसभर खेळणाऱ्या पोराचं पोट सोमवारी सकाळीच दुखत असेल, तर दुखण्याचं कारण शाळेत शोधा.

आणि इथं आपण सगळे चुकतो. एक तर दटावतो, नाहीतर दया येऊन घरी ठेवून घेतो. घरी ठेवलं की दहा मिनिटांत पोर बरं होतं. तेवढ्यात त्याचं मन एक धडा शिकतं : शाळा खरंच भीतीची जागा होती, टळली म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट. म्हणून दुखणं खरं माना, आणि तरीही शाळेत पाठवा. उशिरा का होईना, अर्धा दिवस का होईना. त्या आधी बाईंना जाऊन भेटा आणि नेमकं काय टोचतंय ते काढा. माझ्या त्या मुलाचं आम्ही एवढंच केलं की सोमवारचं वाचन तो आधी माझ्याजवळ एकट्यानं करी आणि वर्गात फक्त एक ओळ वाची. दिवाळीपर्यंत पान वाचायला लागला. त्याच्या आईची माफी मी मागितली, त्याचीही मागितली. इथं शिक्षक बसलेत म्हणून सांगते, मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं या दोन्हींना शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे. चारचौघांत "नाटकं" म्हणणं मुलाला छडीइतकंच लागतं.

अंगणवाडीतून पहिलीत जाणाऱ्यांच्या आयांना एक विनंती. पोराची नजर चुकवून पळून जाऊ नका. तुम्ही एकदा तसं गेलात की ते महिनाभर दाराकडेच बघत बसतं. सांगून जा, पापा घ्या, आणि फाटकाशी रेंगाळू नका. "दोन वाजता येते" म्हणून उपयोग नाही, त्याला घड्याळ कळत नाही. "भात खाऊन झाला, खेळ झाला, घंटा झाली की मी पिंपळाखाली असेन," असं सांगा. आणि असाच, त्या पिंपळाखाली, पेरणी असली तरी. तुम्हाला जमणार नसेल तर आजी येणार म्हणून आधीच सांगा.

आता भाषेचं बोलते, कारण आपल्या मुलांचा अर्धा ताण तिथं आहे. घरात मराठी, शाळेत तीन लिप्या. २०१५च्या कायद्यानं पहिलीपासून कानडी आलं, २०१७-१८पासून एकेका इयत्तेत चढत गेलं. सीमाप्रश्नावर या सभेत प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे. तो प्रश्न मोठ्यांनी मोठ्यांच्या ठिकाणी मांडावा, सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात घालू नये. सकाळी चहा पिताना आपण म्हणतो, "हे कानडी आपल्याला कशाला?" आणि सहामाहीला विचारतो, "कानडीत एवढेच मार्क?" पोरानं नेमकं काय करायचं?

दुसरी गोष्ट आईची. वहीत कानडीत काहीतरी लिहून येतं, आईला वाचता येत नाही, आणि ती पोरावर खेकसते. तो राग तिच्या लाजेचा असतो. इंग्रजी माध्यमात घातलेल्या घरांत तर हे रोजचं आहे. ताई, "मला हे येत नाही, तू मला शिकव," असं म्हणून बघा. माझ्या शेजारी एक आजी आहेत. भाजी विकायला बेळगावात जातात, बाजारात खणखणीत कानडी बोलतात, पण अक्षर येत नाही. त्यांची नात दुसरीत. दोघी स्टँडवर उभ्या असतात, गाडी वळते, आणि नात मान वर करून पाटीवरची गोल गोल अक्षरं जुळवते : "सु... ळ... आजी, सुळग्याची!" आजी तिला शब्दाचा अर्थ सांगते, नात आजीला अक्षर सांगते. तूप म्हणजे तुप्प, अक्का म्हणजे अक्काच, अण्णा म्हणजे अण्णाच. त्या मुलीला कानडीच्या तासाची धास्ती कधी वाटली नाही. आणि झोपताना मुलांशी मराठीतच बोला, गोष्ट मराठीतच सांगा. पोटातलं सांगायला मुलाला पोटातलीच भाषा लागते.

शाळेतून आल्या आल्या "आज काय शिकवलं?" विचारू नका. आधी हातपाय धुऊ दे, चिरमुरे-फुटाणे खाऊ दे. मग भाकऱ्या थापता थापता विचारा, "आज कुणाशेजारी बसलास? हसायला कशानं आलं?" डोळ्याला डोळा भिडवून विचारलं की मुलं मिटतात. हात कामात असले की बोलतात.

दहावीच्या पालकांना थोडक्यात सांगते. गुणांचं भूत आत्तापासून उभं करू नका. २०२४पासून कर्नाटकात एका वर्षात परीक्षेच्या एकाहून जास्त संधी मिळतात आणि चांगले गुण धरले जातात. हे मुलाला आजच सांगा, निकालाच्या दिवशी नको.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, मूल जेवत नसेल, झोपेत दचकत असेल, किंवा "मी नसतोच तर बरं" असं काही बोललं, तर दृष्ट काढून थांबू नका. त्याच दिवशी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत, रात्रीही चालतो. जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं, धारवाडला डिमहान्स ही मनाच्या आजारांची सरकारी संस्था आहे. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. हे दोन्ही आकडे वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत, जाताना उतरून घ्या.

मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे. पुढे या. मुलाला बरोबर आणलंय ना? त्यालाही माझ्याशेजारी बसू दे.