प्लग नसलेली डबी

(सुई तबकडीवर उतरतेय, अगदी जवळून)

संध्याकाळचे सहा वाजलेत, इंदूरच्या रामबागेतलं हे घर, आणि काकांनी काढलीय अमीर खाँसाहेबांची एलपी, 1960ची, एचएमव्हीची, एका बाजूला मारवा आणि पालटली की दरबारी. खाँसाहेब म्हणजे आपल्या इंदूरचेच, तेव्हा ही तबकडी या घरात कशी हाताळली जाते ते दिसतंयच तुम्हाला.

सुईच्या वर जी काळी पेटी दिसतेय ती कार्ट्रिज, सुईच्या थरथरीतून वीज बनवणारी. डेनॉनची डीएल-103, जपानच्या एनएचके रेडिओसाठी 1960च्या दशकात केलेलं डिझाइन, आजही बनतं. ही मूव्हिंग कॉइल जातीची आहे. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये सुईबरोबर चिमुकलं चुंबक हलतं आणि कॉइल जागच्या जागी असते, म्हणून तिला वेढे कितीही द्या. इथे मात्र कॉइलच सुईबरोबर नाचते, ती हलकी हवी, हलकी म्हणजे वेढे कमी, आणि वेढे कमी म्हणजे व्होल्टेज कमी. किती कमी, तर 0.3 मिलिव्होल्ट. काकांचा जुना अॅम्प, म्हणजे अॅम्प्लिफायर, फोनो इनपुटला, तबकडीचा सिग्नल जिथे घेतो तिथे, 3 ते 5 मिलिव्होल्टची अपेक्षा धरून बसलेला.

लोक इथेच म्हणतात की अॅम्प जुना झाला, विका, नवा घ्या. नका हो विकू.

(काका डबी उचलून कॅमेऱ्यासमोर धरतात)

हा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, कार्ट्रिज आणि अॅम्पच्या मध्ये बसून व्होल्टेज वाढवणारा. मागून बघा, पुढून बघा, प्लगच नाही. बॅटरी नाही, ट्रान्झिस्टर नाही. एक बंद पडलेला नग काकांनी आमच्यासाठी उघडला, त्यात बॉबिनवर आधी प्रायमरी, म्हणजे कार्ट्रिजकडची कॉइल, आणि वर केसाहून बारीक तारेची सेकंडरी, अॅम्पकडची, प्रायमरीच्या दहापट वेढ्यांची, मध्ये निकेल मिसळलेल्या लोखंडाच्या पातळ पट्ट्या. फॅराडेने 1831 साली दाखवलं तेच, एका कॉइलमधलं बदलतं चुंबकत्व दुसऱ्या कॉइलमध्ये वीज जागवतं. वेढे दहापट तर व्होल्टेज दहापट, 0.3चे झाले 3. फुकट काही मिळत नाही, व्होल्टेज वाढलं तेवढा करंट उतरतो, पण अॅम्पला करंट कुठे हवाय, त्याला व्होल्टेजच हवंय!

आता काका वहीत जे लिहितायत ते नीट बघा. अॅम्पच्या इनपुटचा रोध 47,000 ओहमचा. ट्रान्सफॉर्मरमधून उलटं बघितलं तर कार्ट्रिजला ते 47,000 दिसत नाही, पटीच्या वर्गाने भागून दिसतं. दहाचा वर्ग 100, म्हणजे 470 ओहम. वीसपटीचा लावला तर 117. दोन्ही चालतात, कारण या कार्ट्रिजची स्वतःची कॉइल 40 ओहमची आहे आणि हे आकडे त्याहून बरेच मोठे आहेत. चाळीसपटीचा लावाल तर कार्ट्रिजला 29 ओहमच दिसतात आणि अर्ध्याहून जास्त सिग्नल तिथेच जिरतो, म्हणून मोठा आकडा बघून घेऊ नका.

(स्पीकर, आणि हम्म्म आवाज)

हा आवाज आम्ही मुद्दाम ठेवलाय. डबी अॅम्पवर ठेवली की अॅम्पच्या आतला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपलं 50 हर्ट्झचं गुणगुणणं तिच्यात ओततो. डबीला म्यू-मेटलचं, म्हणजे बाहेरचं चुंबकत्व अडवणाऱ्या धातूचं, कवच असूनही. आता हात बघा काकांचा, डबी हातभर लांब नेली, मग थोडी फिरवली... अजून थोडी... भाचा स्पीकरला कान लावून बसलाय आणि सांगतोय, "काका, बस बस, इथेच!" गेला ना आवाज? मग अर्थिंगची तार घट्ट कसली, अॅम्पकडे जाणारी केबल आखूड ठेवली, झालं.

एक मात्र, मल्टिमीटर लावून याचा ओहम तपासायला जाऊ नका, मीटरचा डीसी करंट कोअरला, म्हणजे आतल्या त्या पट्ट्यांना, चुंबक करून टाकू शकतो. चांगला नग स्वस्त नसतो, हेही आहे.

(काकू दारात येऊन उभ्या राहिल्यात)

मारव्यात पंचम नाही, आणि हा राग मावळतीचा, म्हणून आम्ही शूटिंग याच वेळेला ठेवलं. आता तानपुरा सुरू होतोय. पुढची दोन मिनिटं मी काही बोलणार नाही, हेडफोन असेल तर लावा.