गाडी सुचवायची तर ती मोडते कशी तेही सांगा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बीमएनजी ड्राइव्ह या गाड्या चालवायच्या आणि धडकवायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल, म्हणजे खरं तर त्यात कुठल्या नवीन गाड्या याव्यात यावर आपण सगळे जे सतत बोलत असतो त्याबद्दल. मी मॉड, म्हणजे गेममध्ये घालायच्या गाड्या आणि पार्ट, स्वतः बनवतो आणि लोकांच्या आयडिया वाचायला मला मनापासून आवडतं. पण बहुतेक आयडिया अशा असतात की व्ही8 टाका, आठशे हॉर्सपॉवर द्या, दिसायला अमुक गाडीसारखी करा. यातून गाडीचा फोटो कळतो, गाडी कळत नाही. ती ब्रेक मारल्यावर काय करते, वळणावर कुठे झुकते, धडकली की आधी काय तुटतं, हे लिहिलं तर ती आयडिया माझ्या डोक्यात लगेच चालायला लागते.

कारण हा गेमच तसा आहे ना. 2013 मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हातात आला, 2015 मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर आला, बनवणारी टीम जर्मनीतल्या ब्रेमेनची, आणि त्यातले बरेच जण त्याआधी रिग्ज ऑफ रॉड्स या अशाच गाड्यांच्या गेमवर काम केलेले. गाडी म्हणजे इथे नोड आणि बीमचा सांगाडा. नोड म्हणजे वजन असलेला बिंदू, बीम म्हणजे दोन नोडना जोडणारी स्प्रिंग, तिला कडकपणा, डॅम्पिंग (म्हणजे हलणं किती लवकर शमायचं), किती ताणावर वाकायचं आणि किती ताणावर तुटायचं हे सगळं आपण आकड्यात द्यायचं, आणि हा हिशोब सेकंदाला 2000 वेळा होतो. सुरुवातीला मी एका आरशाचा नोड अगदी हलका ठेवला आणि बीम भयंकर कडक केली, वाटलं मजबूत होईल, तर गाडी गेममध्ये अवतरताक्षणी थरथरून तिचे तुकडे उडाले. हलका नोड कडक स्प्रिंगवर इतका वेगाने कंप पावतो की 2000 वेळाही कमी पडतात. त्या दिवशी मला कळलं की इथे मजबुतीसुद्धा फुकट मिळत नाही.

आता तीनचाकी घ्या. गेममध्ये इबिशू पिजन आहेच, पुढे एक चाक, मागे दोन. तिन्ही चाकं जिथे टेकतात तिथे मनातल्या मनात त्रिकोण काढा, गाडीच्या वजनाचा जोर त्या त्रिकोणाबाहेर गेला की गाडी आडवी. वळताना ब्रेक मारला की जोर जातो पुढे आणि बाहेरच्या बाजूला, आणि पिजनचा त्रिकोण नेमका पुढेच निमुळता, म्हणून ती एवढ्या सहज लोळते. मग मला हवी आहे हिची उलटी बहीण, पुढे दोन चाकं, मागे एक, इंजिनची सगळी ताकद त्या एकाच मागच्या चाकावर. ब्रेकिंगला ही ठाम उभी राहील, पण ओल्या रस्त्यावर वळताना जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला की शेपूट बाहेर. दोन्ही तीनचाकी, पण चालवायची सवय पूर्ण वेगळी, म्हणून ही आयडिया मला पन्नास स्पोर्ट्स कारपेक्षा मोलाची वाटते.

माझ्या सगळ्यात जवळची आयडिया मात्र टँकरची आहे, तीही अर्धा भरलेला टँकर. पूर्ण भरला की आतलं द्रव हलायला जागाच नसते, अर्धा असला की ब्रेक मारल्यावर सगळी लाट पुढे येते, पुढच्या भिंतीवर आपटते, गाडी थांबली असं वाटतं तेवढ्यात मागून ढकलते. म्हणून बऱ्याच टँकरमध्ये आत भोकं असलेले पडदे असतात, लाट मोडायला. पण दुधाचे टँकर बऱ्याचदा पडद्याविनाच असतात कारण आतून स्वच्छ धुवायचे असतात, आणि तेच चालवायला अवघड. मी हे करून बघितलं, टाकीत खरं पाणी नाही, तर मोठ्या वजनाचे नोड नरम बीमवर टांगले, एक पुढे, एक मध्ये, एक मागे. पहिल्या वेळी डॅम्पिंग इतकं कमी दिलं की हँडब्रेक लावून ट्रक उभा केला तरी तो कितीतरी वेळ पुढे मागे डोलत होता, केबिनमधून समोरचा रस्ता सावकाश वर खाली होताना दिसत होता. डॅम्पिंग नंतर वाढवलं, पण ते डोलणं बघून मी खूप खूश झालो होतो. आता पडद्याची टाकी आणि बिनपडद्याची टाकी असे दोन वेगळे पार्ट एकाच स्लॉटमध्ये, म्हणजे पार्ट बसवायच्या जागेत, द्यायचे, खेळणारा बदलून बघेल आणि फरक त्याच्या हातालाच कळेल.

अजून एक. 1955 मध्ये सिट्रोएनची डीएस आली, तिचं सस्पेन्शन तेल आणि नायट्रोजन वायू भरलेल्या धातूच्या गोलांवर चालायचं, आणि त्याच दाबाच्या तेलावर ब्रेक आणि पॉवर स्टीअरिंगपण. तिची नक्कल नको, गेममध्ये गॅव्हरिल, ईटीके असे स्वतःचे ब्रँड आहेत आणि ते तसंच राहावं. पण तत्त्व उचला. धडकेत पंप फुटला की आधी गाडी हळूहळू खाली बसतेय, मग स्टीअरिंग जड होतंय, मग ब्रेक पेडल दाबूनही काही उपयोग नाही, आणि तुम्ही अजून उतारावर आहात! असं अपयश पायरीपायरीने लिहून आणा, मॉड करणारा त्याच रात्री बसेल कामाला.

शिवाय गाडीचं घराणं सांगा. गॅव्हरिलची रोमर ही एसयूव्ही त्यांच्याच डी-सीरिज पिकअपच्या सांगाड्यावर उभी आहे, म्हणून ती त्या जगातली वाटते. तुमची गाडी कुणाचं इंजिन उसनं घेते, कुठल्या सालची, टॅक्सी म्हणून कशी असेल, एवढं आलं तरी पुरे.

मागून विचारतायत, मोटरसायकलचं काय? मलाही हवीय. पण वेगात डावीकडे वळायचं तर आधी हँडल क्षणभर उजवीकडे न्यावं लागतं, तेव्हाच बाईक डावीकडे कलते, आणि कीबोर्डवाला तर फक्त डावीचं बटण दाबणार. मधलं ते काम कोण करणार, आणि खड्ड्यात चाक आपटलं तर ते किती चुकणार? बाईक सुचवायची असेल तर टाकीचा रंग नंतर सांगा, आधी बटण दाबल्यापासून बाईक कलेपर्यंतचा तो अर्धा सेकंद लिहून पाठवा, मी वाचायला बसलोच आहे.