ट्राम, टाळ आणि टोलारखिंड

(मंडळाच्या आषाढी मेळाव्यातील भाषण)

मंडळाचे पदाधिकारी आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

आजच्या मेळाव्यात वारीविषयी बोलावे, असे मला सुचवण्यात आले होते. मी स्वतः एकही वारी केलेली नसल्यामुळे तो अधिकार माझा नाही. म्हणून ज्यांनी ती वर्षानुवर्षे केली, त्या माझ्या आजोबांविषयी बोलतो.

आजोबा मुंबईत ट्राम चालवत. दिवसभर उभ्याने हँडल फिरवायचे आणि पायाने घंटा वाजवायची, हे त्यांचे काम. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा ती चालवण्याचा मान त्यांच्या वाट्याला आला नाही; इतर मुंबईकरांच्या गर्दीत रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी ती जाताना पाहिली. पुढे ते बस चालवायला शिकले, पण पायाची सवय काही सुटली नाही. चाळीतल्या भजनात टाळ हाती आले की त्यांची उजवी टाच जमिनीवर आपटू लागे आणि ती ठेक्याच्या किंचित पुढे असल्यामुळे पखवाज वाजवणारे वैतागत.

आमचे घर लालबागच्या चाळीत, एका खोलीचे. त्यात आम्ही आठ माणसे, आणि तिथेच आजीची खानावळ. घाटावरून आणि कोकणातून येऊन गिरण्यांत राबणारे, कुटुंब गावी ठेवलेले पंधरा-सोळा कामगार तिच्याकडे पाळीप्रमाणे जेवून जात. ज्येष्ठ सरत आला की आजोबा साठवलेली सगळी रजा टाकून आळंदीला जात आणि माउलींच्या पालखीबरोबर सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपूर गाठत. त्या वारीचे पुण्य त्यांच्या नावे जमा होत असले, तरी तिचा भार आजीच्या अंगावर पडत असे, हेही मला आज सांगितले पाहिजे. घरात हा विषय दुसरे कोणी काढत नसे. आजी मात्र भाकऱ्या थापता थापता, कोणाचेही नाव न घेता, बरेच काही बोलत असे.

वारीइतकेच त्यांना डोंगरांचे वेड होते. १९८१ च्या डिसेंबरात, मी अकरा वर्षांचा असताना, त्यांनी मला हरिश्चंद्रगडावर नेले. कल्याणहून एसटीने माळशेज घाट चढून आम्ही खुबी फाट्यावर उतरलो आणि खिरेश्वरमार्गे टोलारखिंडीला लागलो. मी हौसेने नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. खिंडीपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. आजोबांनी बूट काढायला लावले, खांद्यावरच्या पंचाच्या दोन पट्ट्या फाडून माझ्या पायांना गुंडाळल्या आणि एवढेच म्हणाले, ‘‘लांबच्या वाटेला नव्या वहाणा घालू नयेत, बाळा.’’

वर केदारेश्वराच्या गुहेत भले मोठे शिवलिंग आहे, भोवती बर्फासारखे गार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. आजोबा बंडी काढून पाण्यात उतरले आणि माझा हात धरून त्यांनी मलाही उतरवले. पाणी त्यांच्या कमरेला, माझ्या छातीला. दात वाजत असताना आम्ही प्रदक्षिणा घातली आणि ते मोठ्याने हरिपाठ म्हणत राहिले. शंकरापुढे हरिपाठ का, असे मी नंतर विचारले, तेव्हा चांगदेवांनी याच गडावर तप केले आणि अखेर ते ज्ञानदेवांनाच शरण गेले, हे त्यांनी मला उतरणीच्या वाटेवर सांगितले. त्यांच्या लेखी डोंगर आणि देव ही दोन खाती नव्हतीच.

त्यानंतर महिन्याभरातच, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारे एकेक करून गावी परतले, जे राहिले त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि उधारीची वही भरत गेली. आजीने एकालाही पानावरून उठवले नाही. घरात येणारा पगार आता आजोबांचा एकट्याचाच होता. त्या वर्षी त्यांनी रजा टाकली नाही. मिळेल तेवढा ओव्हरटाइम केला आणि आषाढीला पहाटे लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जाऊन, दर्शन घेऊन ते ड्युटीवर हजर झाले. एवढ्या वाऱ्यांमध्ये मला ही सर्वांत मोठी वाटते. त्यांना मात्र ती वारीत धरलेली आवडत नसे.

निवृत्तीनंतर ते आजीला प्रथमच वारीला घेऊन गेले. दिवे घाटाच्या चढणीवर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली आजी दिंडीबरोबर पुढे निघून गेली आणि इतक्या वर्षांचे वारकरी आजोबा धापा टाकत मागे राहिले. ही हकीकत चाळीत त्यांनीच सर्वांना सांगितली. आजीने त्यावर, ‘‘खानावळ चालवणारीला घाट कसला चढायचा?’’ एवढेच उत्तर दिले.

येत्या रविवारी आपल्या मंडळाची दिंडी निघणार आहे. अंतर जेमतेम आठ किलोमीटर आहे आणि मी या वेळी चालणार आहे. आपणही यावे, फक्त नवे बूट घालून येऊ नये.