टेस्टर पेटला नाही तरी

बडोदं. दांडिया बाजारातला एक जुना वाडा. गणपती पंधरा दिवसांवर आलेत आणि मंडपाच्या लाइटची लाइन दरवर्षीप्रमाणे इथूनच निघणार आहे.

हा तो बोर्ड. लाकडी फळी, वर चिनी मातीचे फ्यूज, खाली कधीतरी नंतर बसवलेली एमसीबी.

वायरमन काकांच्या खिशातला टेस्टर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. आज तो खिशातच राहणार आहे. उघडून बघा: एक इवलासा निऑन दिवा आणि एक मोठा रेझिस्टर. टोक फेजला लागतं, बोट मागच्या टोपीवर टेकतं आणि करंट अंगातून जमिनीत उतरतो. एक मिलिअँपिअरहूनही कमी, म्हणून जाणवत नाही. पण दिवा पेटतो तो माणसाच्या अंगातून. तोच माणूस लाकडी स्टुलावर चढला, पायात रबरी चप्पल असली, वरून ऊन आलं, की दिवा दिसेनासा होतो. फेज जागच्या जागी असतो. उलटंही घडतं. न्यूट्रल तुटलाय, कुठेतरी एक बल्ब चालू राहिलाय, मग सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो.

काकांच्या उजव्या हाताची ही दोन बोटं. त्या दिवशी टेस्टर पेटला नव्हता.

आता मल्टिमीटर. काळी वायर 'कॉम'मध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात. शेजारचं दहा अँपिअरचं भोक नीट बघून ठेवा. लाल वायर तिथे राहिली आणि टोकं फेज-न्यूट्रलला लागली, तर मीटर व्होल्ट मोजत नाही, सरळ शॉर्ट करतो. हे काळवंडलेलं, वितळलेलं टोक तसंच झालंय. स्वस्त मीटरवर त्या भोकाखाली बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं. म्हणजे आत वाचवायला फ्यूजसुद्धा नाही. विकत घेताना हे कुणी वाचत नाही, आणि दुकानदारही सांगत नाही. त्याने सांगायला हवं.

मीटरवर आणखी एक खूण असते, 'कॅट'. मीटर कुठे वापरायचा त्याचा वर्ग. सॉकेटपुरतं काम असेल तर कॅट टू, बोर्डावर कॅट थ्री, बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस वायरवर कॅट फोर. घरात २३० व्होल्टच असतात हे खरं, पण लाइनवर क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. तो मीटरने सोसायचा असतो.

याच शहरात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन उभं केलं, कारागिराच्या हाताला शास्त्र मिळावं म्हणून. वाड्यातल्या या बोर्डापाशीही ते पोचायला हवं.

मेन स्विच खाली. काका बोर्डाला हात लावत नाहीत. आधी शेजारच्या घरातलं चालू सॉकेट: २३४. मीटर बरोबर आहे. मग बोर्ड. काळ्या टोकाला मगरचिमटा, तो आधी लावायचा. लाल टोक एका हाताने, बोटं टोकाच्या प्लास्टिकच्या कडेच्या मागे, दुसरा हात पाठीशी. फेज-न्यूट्रल, शून्य. फेज-अर्थ, शून्य. न्यूट्रल-अर्थ, शून्य. काढताना लाल आधी.

काका परत शेजारी निघतात.

"काका, आत्ताच तर बघितलं!"

"मधे वायर तुटली असेल तर? तुटक्या वायरीचा मीटरपण शून्यच दाखवतो, बाळा."

२३३.

आता काका पक्कड हातात घेतात.

दुपारी मागच्या चौकातला दुसरा बोर्ड. मीटर पोराच्या हातात. लाल वायर कुठल्या भोकात आहे ते तो वाकून बघतो. एक हात पाठीमागे. शून्य, शून्य, शून्य. तो काकांकडे बघत नाही. मीटर उचलतो आणि शेजारच्या दाराशी जाऊन हाक मारतो, "आजी, परत एकदा सॉकेट बघू का?"