माणसाचं पोट काय सांगतं?

[पडद्यावर तीन कवट्या शेजारी शेजारी: मांजर, गाय, माणूस]

डावीकडची कवटी मांजराची. सुळे तर दिसतातच, पण जरा मागच्या दाढा पाहा. वरची दाढ खालच्या दाढेला घासून कात्रीच्या पात्यासारखी खाली येते. मांजर फारसं चावत बसत नाही. कापतं आणि गिळतं. मधली कवटी गाईची. वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत. मागे रुंद, खरबरीत दाढांची रांग, आणि जबडा आडवा फिरेल असा सांधा. उजवीकडची कवटी आपली. बत्तीस दात. सुळे आहेत, पण शेजारच्या दातांपेक्षा जेमतेम उंच. दाढा बुटक्या, गोलसर उंचवट्यांच्या, वर एनॅमलचा जाड थर.

या तिसऱ्या कवटीवरून वाद जुना आहे. एक जण सुळ्यांकडे बोट दाखवून म्हणतो, माणूस मुळात मांसाहारी. दुसरा दाढांकडे बोट दाखवून म्हणतो, छे, शाकाहारी.

[गोरिला, मग पांडा]

गोरिलाच्या नराचे सुळे पाहिले की धडकी भरते. आणि खातो काय? पानं, देठ, साली, फळं, अधूनमधून मुंग्या-वाळवी. ते सुळे दुसऱ्या नरांना दम देण्यासाठी. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, ही म्हण हत्तीइतकीच त्यालाही शोभते. पांडाचं उलट. कूळ अस्वलाचं, आतडी मांसभक्षकांसारखी आखूड, आणि खाणं जवळपास निव्वळ बांबू. त्यातला बराचसा न पचताच बाहेर पडतो, म्हणून बिचारा दिवसाचा अर्धा वेळ खातच बसलेला असतो. तेव्हा नुसते दात मोजून कुणाचा आहार ठरवायला जाऊ नये. त्यासाठी आत उतरावं लागतं.

मांजराचंच घ्या. ते पक्कं मांसाहारी का, याचं खरं उत्तर त्याच्या शरीरानं सोडून दिलेल्या कामांमध्ये आहे. टॉरिन नावाचा पदार्थ डोळ्यांना आणि हृदयाला लागतो. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. मांसातून मिळाला नाही तर दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. वनस्पतींमधल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व करणं त्याला जमत नाही. गोड चव ओळखण्यासाठी लागणारं एक जनुक त्याच्यात निकामी झालंय, त्यामुळे साखरेची गोडी त्याच्या जिभेला कळतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या फक्त शिकारीवर जगलेलं शरीर असं असतं. माणूस टॉरिन बनवतो, बीटा-कॅरोटीन वापरतो, आणि गोडाबद्दल तर विचारायलाच नको.

मग आपण गाईच्या गोटात? तिथेही आपला निभाव लागत नाही. गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो, आणि तिथले सूक्ष्मजीव गवतातला सेल्युलोज फोडतात. सेल्युलोज फोडणारं विकर (एन्झाइम) आपलं शरीर बनवत नाही. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय अन्न थोडंफार आंबवतात, त्याचा फायदाही होतो, पण तेवढ्यावर माणूस तगत नाही.

दोन जीवनसत्त्वांची गोष्ट इथे सांगायलाच हवी.

पहिलं क. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात बनवतात. आपल्या फार दूरच्या पूर्वजांमध्ये, कोट्यवधी वर्षांपूर्वी, ते बनवणारं जनुक बिघडलं. कुणाचं काही अडलं नाही, कारण फळं आणि पानं रोजच्या खाण्यात होती. अडलं ते फार पुढे, लांबच्या सागरी सफरींवर. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमाराच्या डॉक्टरनं स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी आठवडाभरात उभी राहिली.

दुसरं ब-12. ते ना झाडं बनवतात, ना प्राणी. ते काम सूक्ष्मजीवांचं. प्राण्यांच्या मांसातून, दुधातून, अंड्यांतून ते आपल्यापर्यंत पोहोचतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूसुद्धा ते बनवतात, पण उपयोग शून्य. ते शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे मोठं आतडं सुरू होण्याच्या आधी. तयार होतं तोवर वेळ टळून गेलेली असते.

[आकृती: चिंपांझी आणि माणूस यांची पचनसंस्था]

आता आतडं. चिंपांझी आणि माणूस यांचं आतडं एकाच घडणीचं, पण जागेची वाटणी वेगळी. मोठ्या वानरांमध्ये पचनमार्गाचा जवळजवळ निम्मा भाग मोठ्या आतड्यानं व्यापलेला असतो. चिवट पाला, साली, बिया तिथे रेंगाळतात, आंबतात. आपल्यात निम्म्याहून जास्त भाग लहान आतड्याचा. म्हणजे आपल्या पोटाला अन्न लागतं ते मऊ, सकस आणि झटपट पचणारं. त्यातच मेंदू: वजन शरीराच्या 2 टक्के, पण बसल्या जागी खातो 20 टक्के ऊर्जा. 1995 मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी मांडलं, की मेंदूचा हा खर्च भागवण्यासाठी आतडं आक्रसत गेलं. कल्पना देखणी आहे, लगेच पटते. पण 2011 मध्ये शंभर सस्तन जातींवर ती तपासली गेली, तेव्हा मोठा मेंदू आणि लहान आतडं यांची सरसकट सांगड काही सापडली नाही. आपल्या आतड्याची वेगळी वाटणी मात्र आहे ती आहेच. मग हे मऊ, सकस अन्न आलं कुठून?

[तळहातावर दगडाची धारदार कपची]

इथून. इथिओपियात गोना इथे सापडलेली दगडी हत्यारं सुमारे 26 लाख वर्षांपूर्वीची आहेत. या कपचीनं काय फरक पडतो, हे हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांनाच कच्चं मांस चावायला देऊन पाहिलं. निष्कर्ष 2016 मध्ये छापून आले. अखंड तुकडा चावून चावून जबडा दुखला तरी तो तुटेना, नुसता चघळला जायचा. तेच मांस आधी कापून दिलं की काम सोपं. कंद ठेचून दिला की तोही हलका. चिंपांझी दिवसातले कित्येक तास नुसतं चावण्यात घालवतो. आपलं ते काम हातांनी आणि दगडांनी उचललं.

मग विस्तव. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे 10 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत राख आणि जळकी हाडं आहेत. इस्रायलमधल्या एका तळ्याकाठच्या वस्तीत 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी शिजवलेल्या माशांचे दात मिळालेत. शिजवलं की पिष्ट फुगून सुटं होतं, मांसातले तंतू सैल पडतात, काही कंदांमधलं विषही उतरतं. लहान आतड्याला हवं तसं अन्न हे.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म या टप्प्यावर आहे. पचनाचं बरंचसं काम माणसानं शरीराबाहेर काढलं, आणि मग शरीर त्या सोयीच्या भरवशावर घडत गेलं. म्हणून "कच्चं तेच नैसर्गिक" हे माणसाच्या बाबतीत खरं ठरत नाही. जर्मनीत गीसन इथे दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहणाऱ्या पाचशेहून जास्त लोकांची पाहणी झाली होती. निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे 30 टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. बारमाही भाजीबाजार हाताशी असलेल्या शहरी बायका या. रानात राहून ज्यांना असं खावं लागलं असतं, त्यांच्यापैकी किती जणींना मुलं झाली असती?

[सूक्ष्मदर्शकाखाली: पिवळट, खडबडीत कवच]

हे दातावरचं कीटण. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या एका निअँडरथल (आपल्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीतल्या) माणसाच्या दातावरचं, चाळीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. दात घासायचा प्रश्नच नव्हता, म्हणून जेवणाचे कण या कवचात अडकून दगड झाले. जवळून पाहा: हे गोल दाणे पिष्टाचे. रानटी जवाच्या कुळातल्या गवताचे, शिवाय खजुराचे अंशही मिळाले. काही दाणे फुगून विस्कटलेत, शिजवल्यावर विस्कटतात तसे.

एरवी निअँडरथलची ख्याती कट्टर मांसभक्षकाची. हाडांमधल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) तो लांडग्याच्या पंक्तीला बसतो. दोन्ही पुरावे खरे आहेत. नायट्रोजन फक्त प्रथिनं कुठून आली ते सांगतो; कंदात प्रथिनं नावापुरती, त्यामुळे पोतंभर कंद खाल्ले तरी हाडात त्याची नोंद उमटत नाही. भाजलेल्या कंदांचे अवशेष दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर गुहेत 1 लाख 70 हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शेतीच्या आधी माणूस पिष्ट खातच नव्हता, असं ठासून सांगणाऱ्या "अश्मयुगीन आहारा"च्या प्रचारकांनी एकदा त्या कोळशाकडे बघावं.

आता मर्यादा. माणूस काहीही खातो, पण कशावरही जगतो असं नाही. विल्यालमुर स्टेफान्सन हा आर्क्टिकचा प्रवासी. फक्त मांसावर माणूस राहू शकतो हे दाखवण्यासाठी 1928 मध्ये तो न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टरांनी सुरुवातीला त्याला चरबी काढलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत मळमळ, जुलाब. चरबी सुरू केली आणि गडी ठणठणीत. यकृत एका मर्यादेपलीकडे प्रथिनांतून ऊर्जा काढू शकत नाही. बाकीची भरती चरबीनं किंवा पिष्टानं करावी लागते. उत्तर ध्रुवाकडच्या शिकाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. क जीवनसत्त्वही ते नरव्हेल माशाच्या कच्च्या कातडीतून मिळवायचे. (मासा म्हणायची पद्धत, प्राणी सस्तन.)

[टांझानिया, एयासी सरोवराचा परिसर]

हाडझा लोक अजूनही बरंचसं रानावर जगतात. काय आवडतं असं विचारलं तर पहिला नंबर मधाचा, शेवटचा कंदांचा. पण मध रोज मिळत नाही, शिकार रोज साधत नाही. बाया आणि मुलं कंद खणून आणतात, आणि हे नावडतं खाणंच वर्षभर हमखास हाताशी असतं. मनाला येईल ते खावं अशी चैन शिकाऱ्यालाही नव्हती.

इकडे बोलिव्हियातले चिमाने लोक. त्यांच्या ऊर्जेतला 72 टक्के वाटा कर्बोदकांचा: केळी, कसावा, भात, मका. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यातल्या 705 प्रौढांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या स्कॅनवर तपासल्या, तर 85 टक्के लोकांमध्ये कॅल्शियमचा, म्हणजे रक्तवाहिन्या खराब होत असल्याच्या खुणेचा, मागमूस नव्हता. याचं सगळं श्रेय आहाराला देऊ नका. ही माणसं दिवसाचे कित्येक तास अंगमेहनत करतात.

बर्फातला चरबी खातो, रानातला केळी खातो, आणि दोघांची शरीरं आपापल्या खाण्याकडे थोडी थोडी झुकतही गेलीत. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांमध्ये चरबीतली स्निग्धाम्लं हाताळणाऱ्या जनुकांची वेगळी रूपं आढळतात. लाळेत पिष्ट फोडणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती चिंपांझीत दोन, माणसात दोनपासून पंधरापर्यंत. पिष्ट जास्त खाणाऱ्या समाजांत सरासरी जास्त. दुधाचा बदल तर कालपरवाचा. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. ज्यांना पचते, त्यांच्यात ही सोय गेल्या दहा हजार वर्षांत, युरोपात आणि पूर्व आफ्रिकेत वेगवेगळ्या बदलांमधून आली.

1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला, 5,300 वर्षांपूर्वीचा ओट्झी नावाचा गोठलेला माणूस दूध न पचणाऱ्यांपैकीच. त्याचं पोट भरलेलं होतं: रानबोकडाची चरबी आणि मांस, सांबराच्या जातीच्या हरणाचं मांस, एकदाणी गहू. एका जेवणात शिकारही आणि शेतही.

मांस खावं की नाही, हा प्रश्न यातून सुटत नाही, आणि सुटावाही असं मला वाटत नाही. प्राण्याला मारावं का, याचा निवाडा सुळ्यांच्या लांबीवर करणं म्हणजे पळवाट. शरीर एवढंच सांगतं: मांसाशिवाय राहता येतं, पण डाळी, तेलबिया, भाज्या यांचा मेळ जमवून, आणि प्राणिजन्य काहीच घ्यायचं नसेल तर ब-12 गोळीतून किंवा ते मुद्दाम घातलेल्या अन्नातून घेऊन. गोळी अनैसर्गिक म्हणाल तर विस्तवही तसाच.

[कारखाना, पट्ट्यावरून सरकणारी पाकिटं]

शरीराबाहेर काढलेलं पचन आता कारखान्यात गेलंय. दळलेलं, गाळलेलं, तंतू काढून पुन्हा साच्यात घातलेलं, जवळजवळ चावावं न लागणारं अन्न. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे असं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर मांडलेल्या जेवणात साखर, स्निग्ध पदार्थ, मीठ, तंतू यांची प्रमाणं जुळवलेली, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊ लागली, खाण्याचा वेगही वाढला. दोन आठवड्यांत वजन सरासरी 0.9 किलो चढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं.